मोरचुदाखालचा हात

१

सकाळी सातचा भोंगा झाला की माझं पहिलं काम म्हणजे मोरचूद ढवळणं. काचेची मोठी बरणी, तीत पाणी, ओंजळभर निळे खडे, वरून तेजाबाचे चार-पाच थेंब आणि बांबूची काडी. मी मार्कर होतो. सन अठ्ठावन्न, भिलाईत कारखाना उभा राहत होता, आणि आमच्या ठेकेदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये जे पोलाद कापायचं, ज्याला भोकं पाडायची, त्याच्यावर आधी मी रेघा मारायचो. नुसत्या पोलादावर रेघ दिसत नाही. म्हणून प्लेट घासायची, सोड्याच्या पाण्यानं धुवायची, कोरडी करायची आणि कुंचल्यानं मोरचुदाचं पाणी फिरवायचं. फिरवता फिरवता पांढरं पोलाद लाल होतं. तांबं चढतं. त्या तांब्यावर टोकदार सळईनं रेघ ओढली की खालचं पोलाद चकाकतं आणि रेघ दहा फुटांवरून दिसते.

हे कसं होतं ते मला एका तरुण इंजिनिअरनं समजावलं होतं. म्हणाला, "गुलाबराव, तांबं नुसतं वर बसत नाही, ते जागा घेतं. तांबं आलं की तिथलं लोखंड पाण्यात उतरतं. आकार तोच राहतो, माल बदलतो."

"आणि ते लोखंड दिसतं कुठे?"

"दिसत नाही."

आठवडाभर वापरलं की बरणीतलं निळं पाणी हिरवट पडायचं, तेवढीच त्याची खूण.

या कामात एक गंमत आहे. घासलेल्या प्लेटीला कुणी हात लावला, तर हाताचा तेलकटपणा पोलादावर राहतो. डोळ्यांना दिसत नाही, पण मोरचूद फिरवलं की तेवढ्या जागी तांबं धरत नाही. लाल पाटावर पांढरा पंजा, थेट त्याच्या रेषांसकट. वर्षभरात मी शेडमधल्या चाळीस माणसांचे पंजे ओळखायला लागलो. आणि ही विद्या आहे तशी सांगेन, तर मी गुलाबराव कसला? मी सांगायचो की या पाण्यात मंत्र घातला आहे, चोराचा हात आपोआप वर येतो. निम्मे लोक घाबरून प्लेटीपासून हातभर लांबून जायचे. बाकीचे म्हणायचे, "गुलाबराव फेकून राहिला." हथखोजच्या तळ्यातल्या माशाच्या पाठीवरून मी दोन गर्डर पलीकडे नेले, हेही त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलेलं होतं.

खोटं बोलायची माझी रीत साधी. सगळं खरं सांगायचं आणि एकच खिळा जास्तीचा ठोकायचा. या गोष्टीत तो खिळा मी ठोकलेला नाही. तुम्ही शोधाल, म्हणून आधीच सांगितलं.

२

हिरा माझी धाकटी बहीण. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. आई-बाप गेल्यावर मी आणि माझी बायको अन्नपूर्णा, आम्हीच तिला वाढवलं, आणि त्या वर्षीच्या चैत्रात तिचं लग्न शालिकरामशी लावून दिलं. शालिकराम आमच्याच साईटवर खलाशी होता, म्हणजे साखळ्या-दोर लावून जड माल वर चढवणाऱ्यांतला. आमचे चार्जमन, म्हणजे शेडचे मुकादम, शेषराव त्याचे सख्खे काका. स्थळ त्यांनीच आणलं. पोरगा कमी बोलायचा, फार कमी, पण कामाचा होता.

उन्हाळ्यात महिनाभर हिरा त्याच्यासोबत सासरी राहून आली. मग क्वार्टर मिळेपर्यंत तो बॅरेकीत राहायचा आणि हिरा आमच्याजवळ, कुरुदच्या भाड्याच्या घरात. रविवारी तो जेवायला यायचा. मग डिसेंबरात त्याला सेक्टर एकमध्ये क्वार्टर मिळालं. खोली, स्वयंपाकघर, नळ, मागे अंगण. पुढच्या रविवारी हिरानं तिकडे जायचं ठरलं. अन्नपूर्णेनं डबे भरायला घेतले.

त्याच आठवड्यात शालिकराम दिसेनासा झाला.

एका मोठ्या पायाच्या खड्ड्यात काँक्रीट ओतणं सुरू होतं. दीड दिवस थांबायचं नाही असलं काम. त्याला वरच्या फळीवरून जाताना दोघांनी पाहिलं होतं. पलीकडे उतरताना कुणीच पाहिलं नाही. चार दिवस शोधाशोध झाली. काँक्रीट तर कोणी उपसत नाही. शेषराव रोज त्या खड्ड्याच्या काठावर जाऊन उभे राहायचे आणि खाली न बघता परत यायचे. घरी हिरा चुलीपुढे बसून असायची. चूल पेटलेली नसली तरी.

पाचव्या दिवशी सकाळी तो हजेरीच्या खिडकीपाशी रांगेत उभा होता.

"कुठी होता गा?" शेषराव रडत ओरडले.

"गावी गेलो होतो," तो म्हणाला. "राजनांदगावकडे."

त्याचं गाव राजनांदगावकडे नाही. उमरेडजवळ आहे. पण मेलेला माणूस दारात उभा राहिल्यावर गावाची चौकशी कोण करतो? शेषरावांनी पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. हिराचं जाणं एका आठवड्यानं पुढे ढकललं, आणि तोवर तो रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसू लागला, एवढंच.

३

सोमवारी दुपारी तो माझ्या टेबलाशी आला. एका ब्रॅकेटचा नमुना न्यायचा होता. मी नुकतीच एक प्लेट घासून, धुऊन, पुसून ठेवली होती. तो बोलता बोलता तिच्यावर हात टेकून उभा राहिला. पूर्ण पंजा. लांब बोटं, पाचही सरळ, नखं स्वच्छ. मला मनातून आनंद झाला. कारण माणूस कुठलाही असो, जावई असला तरी, त्याला त्याचा पंजा दाखवून लाजवणं हा माझा धंदा होता.

"जावईबापू," मी म्हटलं, "थांबा जरासे. मंत्र पाहून जा."

त्यानं हात उचलला. मी कुंचला बुडवला आणि फिरवला. प्लेट लाल होत गेली, डावीकडून उजवीकडे. जिथे हात होता तिथे आलो. तिथेही लाल. मी पुन्हा एकदा कुंचला नेला. कुठे डाग नाही, रेष नाही, बोटाचं टोक नाही. कुणी कधी शिवलंच नाही असं एकसारखं, गुळगुळीत तांबं.

"काय पाहाचं होतं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "सोडा जास्त झाला वाटते."

तो नमुना घेऊन गेला. बाहेर पाइल, म्हणजे पायाचे खांब, जमिनीत ठोकणारा हातोडा पडत होता, धप्प, मग थोडा वेळ काही नाही, मग धप्प. मी माझाच अंगठा दुसऱ्या प्लेटीवर दाबून मोरचूद फिरवलं. अंगठा उमटला, पांढरा, ठसठशीत. सोड्यात काही चूक नव्हती.

४

मी बुद्धीचा माणूस आहे. दुसऱ्यांना भुतं सांगतो, स्वतः ठेवत नाही. म्हणून मी विचार केला: हा खलाशी, काँक्रीटच्या कामावर होता, सिमेंटनं कातडीतलं तेल ओढून घेतलं असेल. पटण्यासारखं होतं. पडताळून पाहायचं म्हणून मी शेडमागे गेलो. तिथे भागीरथा नावाची एक रेजा, म्हणजे मजूर बाई, होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघड्या हातांनी सिमेंटचा माल कालवणारी. तिचे तळवे भेगाळून राखाडी झालेले.

"बाई, या पत्र्यावर जरा हात ठेव."

"काबर बाबू? का हे मोर हाथ मा?" माझ्या हातात असं काय आहे, असं तिनं आपल्या छत्तीसगढीत हसत विचारलं. "फेर कोनो मंतर हे का?"

तिनं हात ठेवला. मी तिच्यासमोरच मोरचूद फिरवलं. भेगांसकट सगळा पंजा वर आला. तिनं तोंडावर पदर घेतला आणि मैत्रिणींना दाखवायला ओरडली. मी मात्र प्लेट उचलून आत आलो.

बुधवारी शालिकराम आमच्याकडे जेवायला आला. मी मुद्दाम अन्नपूर्णेला भजी करायला सांगितली. जवसाच्या तेलात तळलेली, ताटात तेल साठेल अशी. तो जेवला. पहिल्यासारखाच मान खाली घालून जेवला, पण एक गोष्ट वेगळी होती. हिरा वाढायला आली की तो घास तोंडाजवळ थांबवून तिच्याकडे बघायचा. ती काय म्हणेल त्याची वाट बघत असल्यासारखा. ती म्हणाली, "घ्या ना अजून." तेव्हाच त्यानं पुढचा घास घेतला.

जेवण झाल्याबरोबर, हात धुण्याआधी, मी खिशातली छोटी प्लेट त्याच्यापुढे धरली. "धरा बरं जावईबापू, वजन किती वाटते?" त्यानं तेलकट बोटांनी धरली, वजन सांगितलं आणि परत दिली. वजन बरोबर होतं, तोळ्यापर्यंत.

मी आतल्या खोलीत गेलो. कोनाड्यातल्या दिव्यात तेल कमी होतं आणि वात चरचरत होती. औषधाच्या बाटलीत मोरचूद आणलं होतं, ते कापसानं फिरवलं. एका कडेला माझी दोन बोटं उमटली. बाकी सगळी प्लेट लाल. भज्यांचं तेलही त्याच्या बोटांवरून उतरलं नव्हतं. कुठे गेलं होतं, कोण जाणे. पलीकडच्या खोलीत तो पाणी पीत होता. घोटांचा आवाज येत होता, एक एक, मोजून घेतल्यासारखा सारख्या अंतरानं.

अन्नपूर्णेला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमाले जावयाची पण मस्करी सुचते? पोरगी चार दिवस अन्नाले शिवली नव्हती. नोको बाप्पा असलं काही बोलू."

"अन्नपूर्णे, या वेळी खरं आहे."

"दर वेळीच खरं राह्यते तुमचं."

५

गुरुवारी मी शेषरावांना सांगितलं. दुसरं कुणाला सांगणार? हिरा रविवारी त्या क्वार्टरात जाणार होती. दार आतून लागणार होतं, आणि आत तो. मला एवढंच हवं होतं की महिनाभर तिला माझ्याजवळ राहू द्या. कारण विचारू नका.

शेषरावांनी कारण विचारलं. मी दिलं. ते आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला, मग संतापले.

"गुलाबराव, तू रशियन साहेबाले ठेचा चारला म्हणते, आमी हसलो. माशाच्या पाठीवरून गर्डर नेले, हसलो. आता माह्या पुतण्याले भूत म्हणून राहिला तू?"

"भूत नाही म्हटलं मी. हात उमटत नाही, एवढंच म्हटलं."

"मंग सगळ्यायसमोर पाहू. शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत. हात उमटला तर पोरगी रविवारी नवऱ्यासंग जाईल आन तू यापुढं तोंड उघडायचं नाही. नाही उमटला…" ते थांबले. खिडकीतून त्या खड्ड्याच्या दिशेला त्यांनी पाहिलं, आणि मला कळलं की त्यांनाही काहीतरी माहीत आहे, किंवा माहीत करून घ्यायचं नाही. "नाही उमटला, तर मी सोता पोरीले घेऊन उमरेडले जाईन. आन याच्याकडं आपल्यातलं कोणी पाहायचं नाही."

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मी खूश होऊन घरी गेलो.

हिरा मागच्या दारी पितळेची भांडी घासत होती, चिंच आणि राख लावून. नव्या घरी न्यायची भांडी. मी शेजारी बसलो. तिनं मान वर न करता विचारलं, "शनिवारी तमाशा लावला म्हणे तू."

"तुह्याचसाठी लावला, हिरा. तुले सांगतो, घाबरू नोको. तो जो आला आहे ना…"

"मले माहीत आहे."

हातातली पितळी तिनं उजेडाकडे धरली. आरशासारखी चकाकत होती. "ह्या पितळीवर माह्यी बोटं पाय कशी उमटली. वहिनीची उमटते. तुह्यी उमटते. त्यानं दोन टाइम धरली, काहीच नाही. आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी समजलं मले."

"आन बोलली नाहीस?"

"कायले बोलू?" ती पुन्हा घासायला लागली. "दादा, उन्हाळ्यात मी महिनाभर सासरी होती. त्या पहिल्यानं माह्यावर तीनदा हात उचलला. एकदा फुंकणीनं. तुले कावून सांगितलं नाही? तू त्याची गोष्ट करून चार लोकायले सांगशीन म्हणून."

मी एक घासलेलं भांडं उचलून पालथं ठेवलं. राखेचा खरखर आवाज तेवढा चालू होता.

"हा नाही मारत," ती म्हणाली. "हा ऐकते. पहिल्याले माह्या हातची भाजी आवडत नव्हती. याले मी म्हटलं, आवडते. तर आवडते. मी म्हणन तसा होते तो. फक्त बोलायले त्याच्यापाशी काही नाही. संध्याकाळी नुसता माह्या तोंडाकडं पाह्यते."

"हिरा, पण तो कोण आहे?"

"तो आला ना पण," ती म्हणाली. "चार दिवस मी चुलीपुढं बसून होती. कोणीतरी आलं. आता तू त्याले घालवू नोको." आणि मग, कधी नव्हे ते माझ्या डोळ्यांत बघून, "इतक्या लोकायसाठी खोटं बोलला तू आजवर. एकदा माह्यासाठी बोल."

६

शनिवारी मी भोंग्याच्या अर्धा तास आधी शेडमध्ये गेलो. पत्र्यावर दव वाजत होतं, थेंब थेंब. दोन फूट लांबीची एक प्लेट घेतली, घासली, धुतली, पुसली. मग तळहाताला जवसाचं तेल चोळलं, फडक्यानं जवळजवळ सगळं पुसून टाकलं, आणि प्लेटीच्या उजव्या कोपऱ्यात पंजा दाबला. उजेडात तिरकी करून पाहिली. काही दिसत नव्हतं. कडेला खडूची एक बारीक खूण केली आणि वर गोणपाट टाकलं. सोपं काम. तो हात ठेवणार त्याच जागी, माझा हात उमटणार, लोक त्याचा म्हणणार.

जेवणाच्या सुट्टीत सगळी शेड गोळा झाली. तीस-चाळीस माणसं, डबे हातात, काही जण चघळत. शेषराव समोर उभे राहिले, हात मागे बांधून. दाराशी अन्नपूर्णा आणि तिच्यामागे हिरा, डोक्यावर पदर. शालिकराम माझ्या शेजारी येऊन थांबला. त्याच्या अंगाला कसलाच वास नव्हता. घामाचा नाही, बिडीचा नाही.

"प्लेट धुतली का?" शेषराव म्हणाले.

"धुतली जी."

"पुन्हा धू. माह्यासमोर."

मी सोड्याचं फडकं फिरवलं. कोपऱ्याजवळ फडकं प्लेटीपासून केसभर वर धरलं. वीस वर्षांची मनगटं, कुणाला कळलं नाही.

"ठेवा, जावईबापू. इथे. या खुणेजवळ."

त्यानं हात ठेवला. मी मनात दहापर्यंत मोजलं. त्यानं उचलला. मी कुंचला बरणीत बुडवून डाव्या बाजूनं सुरुवात केली. मुद्दाम सावकाश. लाली सरकत सरकत कोपऱ्याकडे आली, आणि तिथे तुटली. आधी तळव्याची कड दिसली. मग अंगठा. मागून कुणीतरी म्हणालं, "आहे ना बाप्पा, आहे!" एक जण हसला. शेषरावांनी मोठा श्वास सोडला. मी तर्जनीवरून कुंचला नेला, मधल्या बोटावरून नेला, पुढे नेला, आणि माझा हात थांबला.

करंगळीशेजारचं बोट अर्ध्यातच संपलं होतं.

आता हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मलाच आठवलं नव्हतं. माझ्या उजव्या हाताचं ते बोट मधल्या पेरावरून तुटलेलं आहे. उमेदवारीत असताना, माझ्याच घाईनं, भोकं पाडायच्या पंच-यंत्राखाली गेलं. नसलेल्या बोटाची माणसाला इतकी सवय होते की ते नाही हेही तो विसरतो. वर्षभर चाळीस माणसांचे पंजे ओळखत आलो, आणि त्या सकाळी स्वतःचा पंजा डोळ्यांपुढे आला नाही.

"हे बोट असं कसं आलं?" शेषराव वाकून म्हणाले.

चघळणारे थांबले. बाहेरचा हातोडाही सुट्टीमुळे बंद होता. बरणीतलं पाणी अजून हलत होतं, त्याचा काचेला लागणारा बारीक आवाज मला ऐकू येत होता. दाराकडे मी पाहिलं नाही. पाहण्याची हिंमत नव्हती.

"दाखव रे तुह्या हात, शालिकराम."

शालिकरामनं लगेच दाखवला नाही. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे कुंचला धरलेल्या माझ्या हाताकडे. मी एखाद्या नमुन्याकडे बघतो तसं, कुठे किती कापायचं ते ठरवताना. त्याचा हात मांडीलगत लोंबत होता. मी एकटाच त्याच्या इतका जवळ होतो, म्हणून मला दिसलं. त्याचं करंगळीशेजारचं बोट तुटलं नाही. दुमडलं नाही. ते कडेनं कमी होत गेलं, शांतपणे, वरून खाली, आणि पेरापाशी येऊन थांबलं. त्यात रक्त नव्हतं, घाईही नव्हती.

मग त्यानं हात वर केला.

चार बोटं आणि एक अर्धं. अर्ध्याच्या टोकाला जुनी, पांढरी, घट्ट बसलेली खूण.

"हां!" शेषराव कपाळावर हात मारत म्हणाले. "त्याचं ते बोट लहानपणापासून तसंच आहे. मीच म्हातारा झालो."

"आमाले वाटलंच," कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "मागं साखळी धरताना मी पाह्यलं होतं ना." तिसऱ्यानं ते कसं तुटलं तेही सांगितलं. कडबा कापायच्या अडकित्त्यात. शेषरावांनी मान हलवली. सगळ्यांना आठवत होतं.

हिरा पुढे आली. लग्नात याच हाताला तिनं हळद लावली होती. पाच बोटांना. तिनं तो हात पाहिला, मग माझा पाहिला. चेहऱ्यावर काही नव्हतं. तिनं नवऱ्याचं ते अर्धं बोट आपल्या मुठीत धरलं आणि म्हणाली, "चला. सामान बांधायचं राह्यलं."

७

रविवारी ती गेली. बैलगाडीत ट्रंक, डबे, घासलेली पितळ. तो गाडीच्या मागे चालत होता.

त्या संध्याकाळी अन्नपूर्णा मला वाढताना एकदम थबकली. "बाई! तुमचं बोट कवा तुटलं जी?" वीस वर्षं ती या हाताला वाढत आली होती. मी म्हटलं, जुनं आहे. तिला पटलं नाही. ती हळद शोधायला गेली.

शेडमध्ये मी तोंड बंद ठेवलं, ठरल्याप्रमाणे. आधी ते ठरलं होतं म्हणून. पुढे पुढे मला आढळलं की गोष्ट सांगायला घेतली की ती घशापर्यंत येते आणि तिथे नसते. जिभेवर चव राहते, शब्द नाहीत. पोरं म्हणायची, "गुलाबराव, मासा सांगा ना." मी मासा कुठल्या तळ्यात होता ते आठवत बसायचो.

होळीच्या दुसऱ्या दिवशी मी सेक्टर एकला गेलो. फाटकापाशीच थांबलो, कारण आत माणसं जमली होती. अंगणात, ओट्यावर, खिडकीला लटकून. आणि आतून माझा आवाज येत होता. माझाच. तो मध्येच घेतलेला दम, ते "बरं का" म्हणून थांबणं, हसू दाबताना आवाजाला येणारी ती घरघर. शालिकराम खाटेवर बसून गोष्ट सांगत होता. कसा एक मार्कर होता, कसं त्याच्याजवळ निळं पाणी होतं, आणि त्या पाण्याखाली चाळीस माणसांचे हात उमटायचे, फक्त एकाचा उमटायचा नाही. त्या मार्करचाच.

लोक श्वास रोखून ऐकत होते. कुणीच म्हणालं नाही की फेकून राहिला.

हिरा दाराला टेकून तांदूळ निवडत होती. गोष्टीत एक विनोदाची जागा आली आणि ती हसली. मोकळं, मान मागे टाकून. तिला तसं हसताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. मी फाटकातून तिला हाक मारली. तिनं तांदळातला खडा उचलून बाजूला टाकला. मी पुन्हा मारली. अगदी फाटकालगतच्या माणसानंही वळून पाहिलं नाही, तेव्हा मी ओठांवर हात ठेवून पाहिला. ओठ हलत होते.

मी कुरुदला चालत परत आलो. अन्नपूर्णेकडे खुणेनं कागद मागितला आणि जेवढं उरलं होतं तेवढं लिहायला बसलो. लिहायला आवाज लागत नाही.